रहदारीच्या गर्दीचे माप

धान्य मापावयास पायली होती, दूध मापावयास शेर होता. परंतु रस्त्यावरील गर्दी कशाने मापावी? अमेरिकेत मोटारींचा सुळसुळाट झाला तेव्हा उत्तर सोपे वाटले : नाक्यावर माणूस बसवावा आणि तासाभरात किती गाड्या गेल्या ते लिहून घ्यावे.

हे उत्तर फसवे होते. ब्रूस ग्रीनशील्ड्स या अभियंत्याने ओहायओ राज्यात रस्त्याच्या कडेला चलच्चित्राचा कॅमेरा उभा केला. लागोपाठच्या चित्रांत गाडी किती सरकली यावरून त्याने वेग काढला आणि गाड्यांमधील अंतरावरून दाटी. दाटी वाढते तसतसा वेग घटतो, हे त्याने 1935 साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात मांडले. रिकाम्या रस्त्यावरून गाड्या जात नाहीत, कारण त्या नसतातच. गच्च भरलेल्या रस्त्यावरूनही जात नाहीत, कारण हलावयास जागा नसते. या दोन टोकांच्या मध्ये तासाला तितक्याच गाड्या एकदा मोकळेपणाने जातात, एकदा रखडत. नाक्यावर नुसते आकडे मांडणाऱ्यास हा भेद कळावा कसा? ग्रीनशील्ड्सपाशी दाट गर्दीची निरीक्षणे फार थोडी होती, आणि त्याची सरळ रेषा पुढील संशोधकांनी पुष्कळ वाकविली. मूळ विचार मात्र टिकला.

शिकागोच्या काँग्रेस द्रुतगती मार्गावर 1961 पासून यांत्रिक पाहणीचा प्रयोग सुरू झाला. (या मार्गास 1964 साली आयझेनहॉवर यांचे नाव मिळाले.) रस्त्याचा अमुक तुकडा किती टक्के वेळ गाडीखाली झाकलेला असतो, हे यंत्राने टिपावयाचे. ते प्रमाण चढू लागले की कोंडी जवळ आली असे समजावे. 1963 साली तेथेच प्रवेशमार्गावर पोलीस उभा करून एकेक गाडी ठरावीक गतीने आत सोडण्यात आली, जत्रेत दाराशी माणसे अडवून थोडी थोडी सोडतात तशी. पुढे पोलिसाची जागा दिव्याने घेतली. रस्त्याच्या क्षमतेविषयीच्या 1965 सालच्या अमेरिकन मार्गदर्शिकेत तर ‘ए’पासून ‘एफ’पर्यंत सहा श्रेणीच आल्या, जणू शाळेचे प्रगतिपुस्तक!

या प्रगतिपुस्तकात नोंद होती ती गाड्यांची. काँग्रेस मार्गासाठी हजारो रहिवाशांना घरे सोडावी लागली, ती हानी कोणत्याच श्रेणीत बसत नाही. त्याच मार्गाच्या मधोमध 1958 पासून आगगाडी धावते. परंतु तिच्या भरलेल्या डब्यांतून कितीही माणसे वेळेवर घरी पोचली, तरी शेजारच्या रस्त्यावरील यंत्रांना त्यांचा पत्ताच नसे.