अक्षरांचा परवाना

पैनगंगा ओलांडून यवतमाळकडून आदिलाबादेत उतरणाऱ्यास आपण दुसऱ्या राज्यात आलो हे भाषेवरून लगेच कळत नाही. हा जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. राज्यपुनर्रचनेत राजुरा व किनवट हे त्याचे मराठी भाग मुंबई राज्याकडे गेले; उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात राहिला व २०१४ मध्ये तेलंगणात आला. निजामी अमदानीत येथे दप्तराची भाषा उर्दू, तर घरची मराठी, तेलुगू किंवा गोंडी असे. १९४३ च्या सुमारास हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने मार्लवाई येथे गोंड शिक्षकांसाठी केंद्र निघाले, तेव्हा गोंडी वाचनपाठही देवनागरीत तयार झाले. कोणती भाषा कोणत्या अक्षरांत लिहावयाची, हे पुष्कळदा हाताशी असलेली साधनेच ठरवितात. गोव्यात फादर स्टीफन्स यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली रोमन अक्षरांत छापले गेले, कारण देवनागरीचे खिळे उपलब्ध नव्हते.

संगणकाच्या युगात या अडचणीत आणखी एका गोष्टीची भर पडली, ती म्हणजे परवाना. टंकलेखनयंत्र विकत घेतले की ते घेणाऱ्याचे होई. बैलगाडीत घालून दुसऱ्या गावी नेले तरी कारखानदाराची अनुमती लागत नसे. कार्यालयीन लेखनाच्या संगणकप्रणालीचे तसे नाही. तेथे पैसे मोजून मिळते ती वापरण्याची परवानगी. संगणकाबरोबर आलेली प्रत बहुधा त्या संगणकालाच जखडलेली असते आणि तो निकामी झाला की तीही सरते. वेगळी विकत घेतलेली प्रत मात्र सामान्यतः नव्या यंत्रावर नेता येते, जुन्यावरून काढून टाकावी लागते एवढेच. मायक्रोसॉफ्टने २००१ च्या ‘ऑफिस एक्सपी’पासून, प्रत चालू करण्यापूर्वी कंपनीची संमती घेण्याची पद्धत सार्वत्रिक केली. २०१३ च्या आवृत्तीत तर वेगळी घेतलेली प्रतही एकाच यंत्रापुरती ठेवण्यात आली होती. ग्राहकांनी ओरड केली आणि त्याच वर्षीच्या मार्चमध्ये कंपनीला ती अट मागे घ्यावी लागली. गिऱ्हाइकाच्या तक्रारीला इतक्या लवकर यश येण्याचे प्रसंग थोडेच!

मराठी लिहिणाऱ्यांची अडचण मात्र याहून खोल होती. भारतीय लिप्यांसाठी १९९१ मध्ये सरकारी मानक संकेत ठरला होता. तरीही बाजारातील फाँट आपापल्या खाजगी संकेतांवर चालत. ‘क’ या अक्षराचा आकडा एका फाँटमध्ये एक, दुसऱ्यात भलताच. पुण्यात घडलेल्या ‘श्री-लिपि’सारख्या प्रणालीबरोबर डोंगल येई, ते संगणकाच्या मागील खोबणीत बसविल्यावाचून काम चालत नसे. पुढे नव्या यंत्रांतून ती जुनी खोबणच नाहीशी झाली. प्रणाली नव्या यंत्रावर गेली नाही, की शाळेचा निकाल असो वा संस्थेचे इतिवृत्त, उघडताच रोमन अक्षरांचा व चिन्हांचा निरर्थक ढीग दिसे. मजकूर मालकाचा, पण तो वाचण्याची किल्ली दुसऱ्याच्या खिशात!

यातून सुटण्याची वाट दोन बाजूंनी तयार झाली. जगातील लिप्यांना एकच संकेत देणारा युनिकोड १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. दुसरीकडे, जर्मनीत १९८५ च्या सुमारास मार्को ब्योरीस या शाळकरी वयाच्या मुलाने लेखनाची एक प्रणाली रचली होती. ती त्याच्या कंपनीसह १९९९ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने घेतली आणि पुढल्याच वर्षी तिचा मूळ संकेत सर्वांना खुला केला. त्याच कुळातील ‘लिब्रेऑफिस’ २०१० पासून स्वयंसेवकांच्या आधारावर चालते. ते कितीही यंत्रांवर घालता येते, किल्ली मागत नाही, त्यातील आज्ञा मराठीतही मिळतात. त्याच्या कागदपत्रांचा नमुना २००६ पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे. ते सर्वगुणसंपन्न आहे असे मात्र नव्हे. दुसऱ्या प्रणालीत केलेले गुंतागुंतीचे तक्ते त्यात विस्कटतात, आणि जुन्या फाँटातील मराठी ते आपोआप ओळखीत नाही. तो मजकूर परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणावा लागतो व मग ओळीने तपासावा लागतो, कारण जोडाक्षरे व रफार हटकून चुकतात. हे काम जुने यंत्र चालू आहे तोवरच उरकलेले बरे.

ज्या जिल्ह्यात गोंडीला देवनागरीचा आसरा घ्यावा लागला, तेथे या खुल्या संकेताचे मोल अधिक आहे. आदिलाबादच्या नारनूर मंडलातील गुंजाला या गावी गोंडीच्या स्वतंत्र लिपीतील हस्तलिखिते आढळली. ती अठराव्या शतकाच्या मध्याची मानली जातात. ती लिपी वाचू शकणारे गावात मोजकेच वृद्ध उरले होते. हैदराबाद विद्यापीठातील प्राध्यापक जयधीर तिरुमल राव व त्यांच्या सहकाऱ्यांनी या वृद्धांच्या मदतीने तिचा अभ्यास केला, आणि जून २०१८ मध्ये युनिकोडच्या ११ व्या आवृत्तीत ‘गुंजाला गोंडी’ लिपीस स्थान मिळाले. ‘नोटो’ या मोफत मालिकेत तिचा फाँटही आहे. तो उतरवून घेण्यास पैसे पडत नाहीत, आणि संगणक बदलला तर त्याबद्दल कोणाची परवानगीही मागावी लागत नाही.