बुरशीचे चित्र आणि कल्पनेतील साम्य

इ. स. १६६५ मध्ये लंडन येथे प्रसिद्ध झालेल्या रॉबर्ट हुक याच्या ‘मायक्रोग्राफिया’ या ग्रंथाचा उल्लेख बहुधा बुचाच्या कापातील पेशींच्या संदर्भात केला जातो. त्याच ग्रंथातील बुरशीच्या चित्राकडे मात्र इतिहासकारांनी शोभेची वस्तू म्हणूनच पाहिले आहे. प्रस्तुत लेखकास हे दुर्लक्ष अन्यायाचे वाटते. अतिसूक्ष्म कवकांच्या बाबतीत शब्दांना जे सांगता आले नाही, ते चित्राने आणि त्यामागील कल्पनेने अनेकदा आधीच सांगून टाकले होते.

एका लहानशा पुस्तकाच्या मेंढीच्या कातड्याच्या तांबड्या वेष्टनावर हुकला पांढरी, केसाळ बुरशी आढळली. (ज्यांनी कोकणातील पावसाळ्यात पुस्तके सांभाळली आहेत, त्यांस या दृश्याचे नावीन्य वाटू नये.) सूक्ष्मदर्शकाखाली तिचे रूप पाहताच त्याला अळंब्यांची आठवण झाली. पारदर्शक, बारीक देठ आणि त्यांच्या टोकांशी भाराने किंचित वाकविणारे पांढरे गोळे, असे ते एक चिमुकले रान होते. हुकच्या हाताला चित्रकलेचे वळण होते. पीटर लेली या प्रख्यात चित्रकाराकडे त्याने तारुण्यात काही काळ उमेदवारी केली होती. त्यामुळे सर्व गोळे त्याने एकाच साच्याचे काढले नाहीत. काही गुळगुळीत आहेत, काही माथ्यावर उकललेले आहेत, तर काही पार फुटून विखुरले आहेत.

येथे एक विलक्षण विसंगती उत्पन्न होते. अशा वनस्पती बीजावाचून, केवळ कुजण्याच्या क्रियेतून उद्भवू शकतात, असे हुक लेखात प्रतिपादन करतो. चित्रात मात्र बीजाणूंची कोठी उकलून रिकामी झालेली स्पष्ट दिसते. अळंब्यांशी जाणवलेले साम्यही वावगे नव्हते, कारण बुरशी व अळंबी एकाच कुळातील आहेत, हे पुढे सर्वमान्य झाले. तेव्हा कल्पना बरोबर होती आणि हातही प्रामाणिक होता. चूक झाली ती अनुमानात. वैज्ञानिक चित्र हे लेखातील सिद्धांताचे केवळ स्पष्टीकरण असते, असे समजणाऱ्यांनी हे उदाहरण पुन्हा तपासावे.

हुकचे हे अनुमान फ्लॉरेन्सच्या पिएर आंतोनियो मिकेली याने खोडून काढले. इ. स. १७२९ च्या आपल्या ग्रंथात त्याने बुरशीचे बीजाणू खरबूज, नासपती इत्यादी फळांच्या फोडींवर ठेवून तीच बुरशी पुन्हा उगवल्याचे दाखविले. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याने केलेले एक नामकरण अधिक बोलके आहे. एका बुरशीच्या टोकाशी गोल डोके आणि त्यापासून चहूकडे फाकलेल्या बीजाणूंच्या माळा पाहून त्याला चर्चमध्ये तीर्थजल शिंपडण्यासाठी वापरतात ते उपकरण आठवले. त्यावरून त्याने तिला ‘ॲस्परजिलस’ हे नाव दिले. आज प्रयोगशाळेत हे नाव उच्चारणाऱ्या किती जणांच्या डोळ्यांपुढे ते उपकरण उभे राहत असेल? तरीही ती उपमा चित्र होऊन शास्त्रीय नावात टिकून राहिली आहे.

एकोणिसाव्या शतकात या चित्रकलेस बहर आला. प्रागच्या ऑगस्ट कोर्डाने इ. स. १८३९ मध्ये युरोपातील बुरश्यांची एक देखणी चित्रमाला काढली. पॅरिस येथील ट्युलान बंधूंच्या इ. स. १८६१ ते १८६५ या काळातील तीन खंडांची योग्यता याहून मोठी आहे. थोरल्या लुई रेने याने संशोधन करावे आणि वैद्यक शिकलेल्या धाकट्या शार्लने चित्रे काढावी, असा त्यांचा परिपाठ होता. एकच कवक आयुष्यात निरनिराळी रूपे धारण करते, हा त्यांचा सिद्धांत. निरनिराळ्या नावांनी वावरणारी रूपे शार्लच्या चित्रात शेजारी शेजारी येतात, आणि ती एकाच नटाची सोंगे आहेत हे डोळ्यांना पटते.

सोंगांवरून पात्रांकडे वळणे आता कठीण नाही. जपानमध्ये साके, मिसो व सोयासॉस ज्या बुरशीच्या साहाय्याने करतात, ती ‘ॲस्परजिलस ओरायझी’ मिकेलीच्याच नामवंशातील होय. मासायुकी इशिकावा या चित्रकथाकाराने इ. स. २००४ मध्ये आरंभिलेल्या व २०१४ मध्ये संपविलेल्या ‘मोयाशिमोन’ या मालिकेत तिला गोल, हसरा चेहरा दिला. कथानायक कृषिविद्यापीठात शिकणारा, विरजणाच्या बुरशीचा व्यवसाय करणाऱ्या घराण्यातील मुलगा आहे. त्याला सूक्ष्मजीव नुसत्या डोळ्यांनी दिसतात आणि तो त्यांच्याशी बोलतो. इ. स. २००६ मध्ये जपानच्या मद्यनिर्मितिशास्त्राच्या संस्थेने या बुरशीस राष्ट्रीय कवक म्हणून घोषित केले, इ. स. २००८ मध्ये या मालिकेस तेझुका सांस्कृतिक पुरस्कार मिळाला.

बालिश करमणूक म्हणून या पात्रांची उपेक्षा करणे सोपे आहे. पण रोगकारक जंतूंनाही इशिकावा राक्षसाचे रूप देत नाही. तेही तितकेच गोंडस आणि तितकेच कामसू आहेत. उपकारक आणि अपकारक हा भेद माणसाच्या सोयीचा आहे, ही दृष्टी पुष्कळशा पाठ्यपुस्तकांपेक्षा प्रगल्भ म्हटली पाहिजे.

मात्र या कल्पनेलाही एक मर्यादा आहे. हुकने टोकाचे गोळे पाहिले, मिकेलीने डोक्यावरून नाव ठेवले, इशिकावाने त्या डोक्यालाच चेहरा बहाल केला. वाफवलेल्या भाताच्या शितात शिरून आपल्या पाचक द्रव्यांनी पिष्टाची साखर करणारे तंतू मात्र या पात्रात कोठेच नाहीत. त्यांना ना डोके, ना आरंभ, ना शेवट. एक तंतू कोठे संपला आणि दुसरा कोठे सुरू झाला हे सांगणेही कठीण. अशा जाळ्याचे पात्र कसे रंगवावे, हा प्रश्न अद्याप कोणत्याही चित्रकाराने समाधानकारकपणे सोडविल्याचे प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात नाही.