वाचा गेली म्हणजे समज गेली का?

घरात कुणाला लकवा मारला आणि त्यांची वाचा गेली, की आपण म्हणतो, "आता त्यांना काही कळत नाही." मग त्यांना विचारणं बंद होतं, जमिनीचं असो की लेकीच्या लग्नाचं. पण वाचा आणि समज एक नाहीत, हे पॅरिसच्या एका रुग्णामुळे जगाला कळलं.

लेबोर्न त्याचं नाव. तिशीत त्याची वाचा गेली. एकवीस वर्षं तो बिसेत्र इस्पितळात होता. काहीही विचारा, तो "तां, तां" एवढंच म्हणे. पण बोललेलं त्याला बरंचसं कळे, खुणांनी तो उत्तर देई. १८६१ साली तो वारला. डॉक्टर पॉल ब्रोका यांनी त्याचा मेंदू तपासला, तर डावीकडचा, कपाळामागचा भाग खराब झालेला. १८७४ साली जर्मन डॉक्टर कार्ल वेर्निके यांनी दाखवलं, की ऐकलेलं समजण्याची जागा वेगळी आहे, डाव्या कानाच्या वर, जराशी मागे. मेंदूत कामं अशी वाटलेली असतात. पाहिलेलं मागच्या भागात कळतं, तोल लहान मेंदू सांभाळतो.

काहींची समजही जाते, ते डॉक्टरांना तपासू द्या. पण आपणच ठरवून टाकू नये. "हो" की "नाही" एवढंच विचारावं, मान हलवायला वेळ द्यावा. आणि अचानक तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर मालिश करत बसू नका. लगेच १०८ ला फोन लावा.