पोटहिस्सा

सीसीएनए या संगणक-जाळ्यांच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या राहुरी-संगमनेरकडच्या मुलांना 'सबनेट' अवघड वाटतं. खरं तर त्यासाठी चोख शब्द त्यांच्या घरच्या सातबाऱ्यावरच आहे: पोटहिस्सा.

'हिस्सा' अरबी, फारसीच्या वाटेनं आलेला. 'पोट' मात्र आपलं, महाराष्ट्री प्राकृतातल्या 'पोट्ट'पासूनचं. शब्दाच्या आधी लागलं की त्याचा अर्थ मोठ्याच्या आत सामावलेलं धाकटं असा होतो. पोटजात, पोटकलम, पोटमाळा. लॅटिन 'सब' म्हणजे 'खाली'. मला 'पोट' जास्त नेमकं वाटतं, कारण सबनेट मूळ जाळ्याच्या आतच असतं.

192.168.10.0/24 हा 256 पत्त्यांचा गट धरा. त्याचे /26 चे चार पोटहिस्से केले की प्रत्येकी 64 पत्ते येतात. पण यंत्रांना मिळतात 62च. पहिला पत्ता त्या पोटजाळ्याची ओळख, शेवटचा सर्वांना एकदम हाक मारण्यासाठी. वाटणीत बांधाखाली जमीन जाते, तसंच हे. अखंड गटात दोन पत्ते जात होते, आता आठ जातात.

एका ठिकाणी मात्र जपायचं. सातबाऱ्यावरच्या गट 45/2 मधला 2 हा हिस्स्याचा क्रमांक. /26 मधला 26 म्हणजे 32 पैकी डावीकडचे किती बिट जाळ्यासाठी राखले, तो आकडा. आणि भाऊ तीन असले तरी इथे सारख्या वाटण्या चारच कराव्या लागतात. चौथी पुढच्यासाठी राखून ठेवायची.