प्रौढांचे श्रवण प्रशिक्षण (कॉक्लिअर इम्प्लांट)

कॉक्लिअर इम्प्लांट बसवलेल्या प्रौढ व्यक्तीला नव्या ध्वनिसंकेतांचा अर्थ लावता यावा, यासाठी दिल्या जाणाऱ्या पद्धतशीर सरावाला श्रवण प्रशिक्षण असे म्हणतात. शस्त्रक्रियेनंतरच्या पुनर्वसनाचा हा महत्त्वाचा भाग आहे.

पार्श्वभूमी

श्रवणयंत्र आवाज मोठा करते, तर इम्प्लांट आवाजाचे विद्युत संकेतांत रूपांतर करून श्रवणचेतेला थेट उद्दीपित करते. निरोगी कानातील हजारो केसपेशींचे काम येथे साधारण १२ ते २२ इलेक्ट्रोड करतात. त्यामुळे सुरुवातीला बोलणे यांत्रिक किंवा चिरके वाटू शकते. मेंदू या संकेतांशी हळूहळू जुळवून घेतो. बोलणे शिकल्यानंतर बहिरेपण आलेल्या प्रौढांना पूर्वीच्या भाषास्मृतीचा आधार मिळतो. जन्मतः बहिऱ्या प्रौढांची प्रगती सहसा मर्यादित राहते.

पद्धती

नॉर्मन अर्बर यांनी १९८२ मध्ये मांडलेले चार टप्पे प्रशिक्षणात वापरले जातात : आवाजाची जाणीव, दोन आवाजांतील भेद, शब्दाची ओळख आणि आकलन. पार, बार, भार, मार हे शब्द उच्चारताना ओठांची हालचाल सारखीच दिसते. त्यांतील फरक कानानेच ओळखावा लागतो. ‘कान’ व ‘तान’ यांसारख्या जोड्यांत उच्चारस्थानाचा भेद सूक्ष्म असल्याने त्या अधिक कठीण ठरतात. ओठवाचन टाळण्यासाठी तोंडासमोर जाळीदार कापडाची चौकट धरतात. हाताने तोंड झाकल्यास आवाज बदलतो. पुढे वाक्ये, गोंगाटातील संभाषण व दूरध्वनी यांचा सराव होतो. सुरांतील चढउतार इम्प्लांटमधून नीट पोहोचत नसल्याने संगीताचा आस्वाद घेणे बहुधा सर्वांत अवघड जाते.

महाराष्ट्रातील स्थिती

मुंबईतील वांद्रे येथे १९८३ मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था श्रवणदोषांच्या क्षेत्रात कार्यरत असून केंद्र शासनाच्या ‘एडिप’ योजनेतील कॉक्लिअर इम्प्लांट कार्यक्रमाची समन्वयक आहे. या योजनेतील इम्प्लांटची मदत प्रामुख्याने लहान मुलांसाठी आहे. प्रौढांना शस्त्रक्रियेच्या खर्चासोबत पुढील देखभालीचा भारही बहुधा स्वतः उचलावा लागतो. बीड जिल्ह्यातील चौसाळ्यासारख्या, महानगरांपासून दूरच्या गावांतील रुग्णांसाठी तज्ज्ञांकडे वारंवार जाणे खर्चिक ठरते. अशा वेळी घरातील व्यक्तीने रोज थोडा वेळ मोठ्याने वाचणे आणि रुग्णाने ऐकलेले वाक्य पुन्हा म्हणणे, हा साधा सराव उपयोगी पडतो.