कमरेचे घड्याळ

१९३६ साली गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावी राहावयास आले. १९४० साली त्याच गावास सेवाग्राम हे नाव मिळाले. पंचा नेसणाऱ्यास खिसा कोठला? म्हणून खिशातले घड्याळ ते दोरीने कमरेस अडकवीत. आश्रमाची प्रार्थना, सूतकताई, सारे वेळेवर चाले.

वर्ध्याच्या उन्हाळ्यातील धूळ चावीच्या घड्याळाची वैरीण. ती आत शिरली की तेल दाटते आणि चक्रे अडखळतात. मनगटावरून उतरविलेले घड्याळ पुसून, मऊ फडक्यात गुंडाळून, ओल्या भिंतीपासून दूर डबीत ठेवावे.

गांधीजींचे झेनिथ घड्याळ मात्र २००९ साली न्यूयॉर्कला लिलावात विकले गेले. आपल्या घरी वडिलांचे घड्याळ असेल, तर ते कोणाचे, हे चिठ्ठीवर लिहून त्याच डबीत ठेवावे. नातवंडांस मोल कळेल.