चष्म्यावरची तिरीप

हॅरल्ड लॉइडच्या चष्म्यात काच नव्हती. उंच इमारतीवरच्या घड्याळाच्या काट्याला लोंबकळणारा तो चष्मेवाला तरुण 'सेफ्टी लास्ट' (१९२३) न पाहिलेल्यांच्याही ओळखीचा असतो, पण त्या जाड गोल फ्रेमच्या आत मोकळी हवाच होती. १९१७ साली 'ओव्हर द फेन्स' या छोट्या मूकपटात लॉइडने हा चष्मा पहिल्यांदा नाकावर चढवला. ज्या फ्रेमवर त्याचा जीव जडला ती त्याने लॉस एंजेलिसच्या एका लहानशा दुकानातून ७५ सेंटला घेतली होती. ती त्याने दीडेक वर्ष कशाकशाने चिकटवत, सांधत वापरली. अगदीच मोडकळीला आली तेव्हा तशीच दुसरी बनवून घ्यायला न्यूयॉर्कच्या एका कंपनीकडे पाठवली. कंपनीने २० फ्रेम पाठवल्या आणि सोबत त्याचा चेक परत केला. तुमच्यामुळे आमचा इतका माल खपतोय की पैसे घेणं बरं दिसणार नाही, असं त्यांचं म्हणणं. चष्म्याची एवढी जाहिरात करणाऱ्या माणसाने काच काढून टाकली होती, कारण काच असली की दिवे तिच्यात दिसायचे आणि डोळे दिसायचे नाहीत. विनोदी नटाचे डोळे गेले की उरतं काय?

आज कॅमेऱ्यासमोर बसणाऱ्या चष्मेवाल्याची तक्रार हीच आहे. तिचं कूळ शोधायचं तर आधी काचेकडे पाहायला हवं. साध्या काचेवर उजेड सरळ पडला की त्यातला सुमारे ४ टक्के पुढच्या पृष्ठभागावरून परततो आणि जवळपास तेवढाच मागच्या पृष्ठभागावरून. म्हणजे आरपार गेला ९२ टक्के, परत आला ८ टक्के. आकडा फुटकळ वाटतो, पण तो दिव्याचा ८ टक्के आहे. चेहऱ्यावर पडलेला उजेड त्वचेवरून चहूकडे विखुरतो, त्याचा अगदी थोडा वाटा कॅमेऱ्यात पोहोचतो. काचेवरून मात्र दिव्याचीच प्रतिमा आरशातल्यासारखी अखंड येते, आणि ती गालापेक्षा कितीतरी झगझगीत असते. समोरासमोर गप्पा मारताना हे आपल्याला खुपत नाही. आपण हलत असतो, दोन्ही डोळ्यांना तिरीप वेगवेगळ्या जागी दिसते आणि मेंदू ती बाजूला सारतो. कॅमेरा एकडोळ्या आहे आणि जागचा हलत नाही.

नंबर वाढेल तशी पंचाईतही वाढते. जाड भिंग नको म्हणून आपण पैसे मोजून पातळ काच घेतो. पातळ काचेचा अपवर्तनांक जास्त असतो आणि त्याबरोबर चकाकीही. १.५ अपवर्तनांकाची साधी काच एका पृष्ठभागावरून ४ टक्के उजेड परतवते, १.७४ ची ७ टक्क्यांहून अधिक. पातळ काच बिनलेपाची असेल तर दोन्ही पृष्ठभाग मिळून १४ टक्क्यांच्या आसपास उजेड उलटा येतो. त्यातही मायनस नंबरवाल्याच्या काचेचा पुढचा भाग बऱ्यापैकी सपाट असतो. तिच्यात खोलीचा छोटा तुकडाच दिसतो, त्यामुळे दिवा चुकवणं सोपं. पण नाही चुकला तर सगळी काच पांढरी होते. प्लस नंबरची फुगीर काच सगळी खोली गोळा करते. कुठलाही दिवा तिच्यातून सुटत नाही, फक्त तो बारीक दिसतो.

जुन्या फोटो स्टुडिओंत काच नसलेली फ्रेम हा हुकमी उपाय होता. गिऱ्हाइकाच्या चष्म्यासारखी मोकळी फ्रेम चष्म्याच्या दुकानातून तात्पुरती आणायची, फोटो काढायचा आणि परत द्यायची. ते जमलं नाही तर निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल घेऊन बसणारा रिटचर होताच. पण जाणता छायाचित्रकार या दोन्हींच्या आधी एक गोष्ट करून बघायचा. हनुवटी किंचित खाली घ्यायला सांगायची, किंवा चष्म्याची काडी कानावरून केसभर उचलून काचा जमिनीकडे कलवायच्या. काच कलली की तिच्यावर आदळलेला उजेड कॅमेऱ्याऐवजी जमिनीकडे जातो.

अमेरिकी छायाचित्रकार मार्गारेट बर्क-व्हाइटने १९४६ साली पुण्यात गांधीजींचा चरख्याजवळचा फोटो काढला, तो या नजरेने पाहा. फोटो काढण्याआधी तिला सूत कातायला शिकावं लागलं, आणि फ्लॅशबल्ब वापरायची परवानगी मिळाली ती फक्त तीन. पहिले दोन फुकट गेले, तिसरा लागला. खिडकी मागच्या बाजूला आहे, चरखा पुढे, आणि गांधीजी मान खाली घालून हातातला कागद वाचताहेत. चष्मा लावून वाचणाऱ्या माणसाच्या काचा आपोआप जमिनीकडे वळलेल्या असतात. मागच्या खिडकीचा उजेड काचेच्या पुढच्या बाजूला लागण्याचा प्रश्नच नव्हता, आणि फ्लॅशची तिरीप पडली असेल तर तीही खाली गेली. तीन बल्बांत असा फोटो मिळाला यात नशिबाचा वाटा होताच. पण तिने गांधीजींना मान वर करून कॅमेऱ्याकडे बघायला लावलं नाही, हा मला तिच्या कसबाचा भाग वाटतो.

हे झालं कोन साधणाऱ्यांचं घराणं. दुसरं घराणं रसायनाचं. त्याची सुरुवात मळक्या काचेपासून झाली, आणि या सगळ्या कथेतला माझा आवडता भाग तोच आहे. १८८६ साली लॉर्ड रॅली या इंग्रज भौतिकशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की जुनी, डागाळलेली काच नव्या काचेपेक्षा जास्त उजेड आरपार सोडते. त्यानंतर थोड्याच वर्षांत यॉर्कच्या कूक कंपनीत दुर्बिणीची भिंगं घडवणाऱ्या हॅरल्ड डेनिस टेलरला हेच दिसलं. वर्षानुवर्षं हवेत राहून भिंगावर जांभळट झाक चढे आणि मालकाला वाटे की भिंग खराब झालं. टेलर म्हणाला, घासू नका, ते सुधारलंय. काळवंडलेल्या थरामुळे काच उजेड कमी परतवत होती. १९०४ मध्ये त्याने रसायनं वापरून काच मुद्दाम काळवंडवण्याचं पेटंट घेतलं, पण प्रत्येक जातीची काच वेगळी वागे. एकावर साधलेला डाग दुसरीवर साधत नसे, त्यामुळे ही युक्ती कारखान्यात रुजली नाही.

डागाचं काम लेपाने करता येईल हे १९३५ मध्ये येना इथल्या झाइस कंपनीतल्या अलेक्झांडर स्माकुलाने दाखवलं. निर्वात पेटीत क्षाराची वाफ करायची आणि ती भिंगावर बसू द्यायची. लेपाची जाडी प्रकाशलहरीच्या पाव लांबीइतकी, म्हणजे एका मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढी ठेवली की लेपाच्या वरून परतलेली लहर आणि खालून परतलेली लहर एकमेकींना मारतात. जर्मन लष्कराने हा शोध गुपित म्हणून ठेवला, आणि त्यामागचा हिशेब सरळ होता. दुर्बिणीत किंवा पेरिस्कोपात काचेचे दहा पृष्ठभाग असले तरी प्रत्येकी ४ टक्के जाऊन एक तृतीयांश उजेड वाटेतच संपतो. संधिप्रकाशात शत्रूचं जहाज दिसणं न दिसणं त्यावर ठरे. टेलरला काय किंवा स्माकुलाला काय, आत जाणाऱ्या उजेडाची काळजी होती. बाहेर फेकल्या जाणाऱ्या तिरिपीमुळे कुणाचा फोटो बिघडतो याची नाही.

अटलांटिकपलीकडे जनरल इलेक्ट्रिकच्या स्केनेक्टडीच्या प्रयोगशाळेत कॅथरीन ब्लॉजेट त्याच गोष्टीपर्यंत वेगळ्या वाटेने पोहोचली. केंब्रिजची भौतिकशास्त्रातली पीएच.डी. मिळवणारी ती पहिली स्त्री (१९२६). पाण्यावर तरंगणाऱ्या एका रेणूइतक्या जाड थरातून काच बुडवायची आणि वर काढायची, की दर खेपेला एक थर चढतो, हे तंत्र तिने आयर्विंग लँगम्युअरबरोबर बसवलं होतं. तिचा पदार्थ बेरियम स्टिअरेट, साबणाचाच भाऊबंद. असे ४४ थर चढले की काच दिसेनाशी होते, असं तिने १९३८ च्या अखेरीस दाखवलं. वर्तमानपत्रांनी त्या काचेला 'अदृश्य काच' म्हणून डोक्यावर घेतलं. अडचण एवढीच की बोट फिरवलं की लेप पुसला जाई. त्याच सुमारास एमआयटीच्या कार्टराइट आणि टर्नर यांनी निर्वात पेटीतले टिकाऊ लेप बनवले. पुढे मॅग्नेशियम फ्लोराइड हा त्या धंद्याचा नेहमीचा माल झाला. त्याचा एक थर साध्या काचेवरची ४ टक्के चकाकी सव्वा-दीड टक्क्यावर आणतो.

कॅमेऱ्याच्या भिंगांना हा लेप दुसऱ्या महायुद्धानंतर सर्रास मिळू लागला. नाकावरच्या काचेला मिळायला १९५० चं दशक सरत आलं. त्यात लोक प्लॅस्टिकच्या भिंगांकडे वळले. काच तापवून तिच्यावर कडक लेप बसवता येतो, प्लॅस्टिक तेवढी धग सोसत नाही. कमी तापमानात लेप चिकटवायची रीत बसेपर्यंत आणखी बरीच वर्षं गेली. आपल्या चष्म्याच्या दुकानात 'एआरसी घालू का?' असा जो प्रश्न येतो, त्यातली एआरसी (अँटी-रिफ्लेक्शन कोटिंग) म्हणजे या घराण्याची आजची पिढी. तिच्यात अनेक थर असतात आणि चकाकी टक्क्याच्या आतबाहेर उरते, बहुतेक वेळा हिरवट. इथे एक खबरदारी: लेप चढवून केलेला 'ब्लू कट' निळा उजेड मुद्दाम परतवतो. कॅमेऱ्यात त्या काचा निळ्या-जांभळ्या चमकतात. वारंवार कॅमेऱ्यासमोर बसणाऱ्याने साधी एआरसी घ्यावी.

इकडे रसायन सुधारत होतं आणि तिकडे दिवे बदलत होते. १९५६ च्या 'अपराजितो' या चित्रपटासाठी छायालेखक सुब्रत मित्रांनी बनारसच्या घराचं अंगण कोलकात्याच्या स्टुडिओत उभं केलं तेव्हा वर पांढरं कापड ताणलं आणि खालून त्याच्यावर दिवे मारले. कापडावरून उतरलेला उजेड आभाळातून आल्यासारखा सावकाश पसरला. पुढे हा मऊ उजेड सगळीकडे रूढ झाला आणि चेहरे सुंदर दिसू लागले. चष्म्याला मात्र तो मानवत नाही. उघड्या बल्बची प्रतिमा काचेत ठिपक्याएवढी दिसते, ती खपून जाते. थर्माकोलची किंवा सॉफ्टबॉक्सची प्रतिमा म्हणजे अख्खी पांढरी खिडकी, आणि ती नेमकी बुबुळावर येऊन बसते.

यावर सेटवर काय करतात? मुलाखतीला चष्मेवाले पाहुणे बसले आहेत, मुख्य दिवा (की-लाइट) डाव्या बाजूला आहे आणि डाव्या काचेत पांढरा चौकोन आहे. नवखा माणूस दिवा मंद करतो. चौकोन मंद होतो आणि चेहराही, दोघांतलं प्रमाण तेच राहतं. जाणता लाइटमन स्टँडची कळ सैल करून दिवा वर सरकवत जातो आणि नजर मॉनिटरवर ठेवतो. चौकोन काचेत वर चढतो, फ्रेमच्या वरच्या काठाला लागतो, त्याची नुसती कोर उरते आणि मग तीही जाते. तिथे कळ आवळायची. आता भुवईखाली सावली जास्त पडली तर दिवा आणखी बाजूला नेतात, किंवा पाहुण्यांची खुर्ची दिव्यापासून थोडी फिरवतात. खालून भरायला पांढरं काही ठेवायचं तर ते काचेत दिसणार नाही इतकं खाली. पाहुणे बोलताना मान हलवणार, म्हणून त्यांना आधी दोन मिनिटं बोलतं करून बघायचं, हे विसरलं तर सगळी मेहनत वाया.

लेन्सला पोलरायझर लावा, असा सल्लाही मिळतो. काचेवरून परतणारा उजेड एका दिशेत बांधला जातो हे १८०८ मध्ये मालूस या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाला पॅरिसमध्ये दिसलं, पण तो पुरता बांधला जातो तो काचेच्या लंबाशी साधारण ५६ अंशाच्या कोनात. कॅमेऱ्याजवळचा दिवा चष्म्यावर बराच सरळ पडतो, तिथे एकट्या पोलरायझरचं फार चालत नाही. दिव्यालाही पोलरायझर लावून तो आडवा फिरवला तर तिरीप जाते, पण त्वचेवरची जिवंत चमकही जाते. मुलाखतीसाठी मला हा सौदा महागाचा वाटतो.

मग २०२० आलं आणि प्रत्येक घराचा स्टुडिओ झाला. रिंग लाइट मुळात लेस्टर डाइन याने १९५२ मध्ये दातांचे फोटो काढण्यासाठी बनवला. तोंडाच्या पोकळीत सावली पडू नये म्हणून दिवा भिंगाभोवती गोल. म्हणजे तो कॅमेऱ्याच्या अक्षावर असतो, चष्मेवाल्यासाठी सर्वांत वाईट जागी, आणि काचांत दोन बांगड्या उमटतात. काचांत स्क्रीनही दिसतो. २०२२ मधल्या एका अभ्यासात संशोधकांनी ७२०पी वेबकॅममध्ये टिपलेल्या चष्म्यावरच्या प्रतिबिंबातून स्क्रीनवरची अवघी १० मिलिमीटर उंचीची अक्षरं ७५ टक्क्यांहून अधिक अचूकतेने वाचून दाखवली. तेव्हा ऑनलाइन मीटिंगमध्ये दुसरं काही उघडून बसणाऱ्या चष्मेवाल्यांनी सांभाळून असावं.

घरच्या मुलाखतीसाठी फार काही लागत नाही. दिवा कॅमेऱ्याच्या मागून काढून बाजूला न्या आणि डोक्याच्या वर चढवा, लॅपटॉपखाली दोन जाड पुस्तकं ठेवून कॅमेरा डोळ्यांच्या पातळीला आणा, स्क्रीनचा उजेड कमी करा आणि समोरच्या खिडकीचा पडदा ओढा. अमेरिकेच्या व्हिसाच्या फोटोसाठी मात्र यातलं काहीच कामाचं नाही. १ नोव्हेंबर २०१६ पासून तिथे चष्मा लावलेला फोटो चालत नाही. वैद्यकीय कारणाने काढता येत नसेल तर डॉक्टरांच्या सहीचं पत्र लागतं.